छकड्यातली नवरी

दादाच्या लग्नाला सतरा दिवस उरले असताना होणाऱ्या वहिनीचा मला मेसेज आला. तोवर आमची ओळख म्हणजे साखरपुड्यात शेजारी उभं राहून काढलेले चार फोटो आणि नंतर एकमेकींच्या स्टेटसवर टाकलेले बदाम. ती दादाच्या वयाची, नांदगावला शाळेत शिकवते. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण नात्याने नणंद. म्हणून ती मला अहो-जाहो करायची, मीही तिला करायचे. दोघींनाही ते अवघड जात होतं आणि आधी कुणी थांबवायचं ते ठरत नव्हतं.

मेसेज लांब होता. तिच्या आईने स्वतःच्या लग्नाच्या रुखवतात मांडायला मातीची वरात केली होती. चार वाजंत्री, घोड्यावर नवरदेव, आणि मागे बैल जुंपलेल्या लाकडी छकड्यात बसलेली नवरी. लग्नानंतर ती वरात दिवाळीच्या किल्ल्यावर मांडली जाऊ लागली. गेट रंगवून झालं की डब्याच्या तळाशी उरलेला ऑइलपेंट वहिनीचा मोठा भाऊ या सगळ्यांना फासायचा. थरावर थर चढले. आता कुणाला नाकडोळे उरले नव्हते.

‘आईच्या उजव्या हाताला तीन वर्षांपासून कंप आहे,’ तिने लिहिलं होतं. ‘आता तिच्याच्याने सुईत दोरासुद्धा ओवला जात नाही. तिच्या हातचं घरात एवढंच राहिलंय. मला ते माझ्या रुखवतात मांडायचंय, तिला आधी न सांगता. तुम्ही असं काम करता म्हणे. रंग काढून पुन्हा रंगवता येईल का?’

मी असं काम करते हे खरं आहे. टेबलावर खेळायच्या युद्धाच्या खेळांमधले बोटभर सैनिक, राक्षस, घोडेस्वार मी जुने विकत घेते, त्यांचा आधीचा रंग उतरवते, नव्याने रंगवते आणि ज्याला हवे त्याला पाठवते. इन्स्टाग्रामवर माझं पान आहे, त्यावर माझा चेहरा नाही. घरात या कामाला ‘हिच्या बाहुल्या’ म्हणतात. मला ते चालतं. बाहुल्यांशी बोलावं लागत नाही, आणि त्या कामात असताना माझ्याशीही कुणी बोलत नाही.

मेसेजच्या शेवटी एक ओळ होती. ‘कुणाला सांगू नका. रुखवत आमची आत्या करतेय. मुलाकडच्यांनी हात लावला हे कळलं तर ती लग्नालाच यायची नाही.’

ती म्हणत होती ते मला पटलं. रुखवत मुलीकडच्यांनी मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी हात मागे बांधून बघत फिरायचं, काय कमी आहे ते शोधायचं. त्यात मी नणंद. परीक्षकानेच पेपर सोडवून द्यावा तसं ते झालं असतं. मी लिहिलं, ‘येईल. पाठवा.’

दोन दिवसांनी दादा नांदगावहून बुटांचं खोकं घेऊन आला. त्यात बांगड्यांचं माप आहे असं त्याला सांगितलं होतं. बांगड्यांच्या मापाला एवढं मोठं खोकं कशाला, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो त्या दिवसांत तसाच होता.

मी खोलीचं दार लावून खोकं उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाहुल्या, चार बोटं उंचीच्या. छकडा आणि बैल वहिनीने तिकडेच ठेवले होते. वर हिरवा ऑइलपेंट, टवका उडाला होता तिथे खाली चॉकलेटी, त्याखाली पुन्हा हिरवा. चेहऱ्यांच्या जागी गुळगुळीत फुगवटे. वितळून पुन्हा गोठलेल्या मेणबत्त्या असतात तशा त्या दिसत होत्या. सनईवाला फक्त हातांवरून ओळखू येत होता. मी प्रत्येकीचे चारी बाजूंनी फोटो काढले. काम हातात घेण्याआधी मी ते नेहमीच करते.

रंग काढायला मी जखमेवर लावतात ते तपकिरी जंतुनाशक वापरते. परदेशातले लोक व्हिडिओमध्ये तेच सांगतात आणि ते खरंच चालतं. त्यात काहीही न मिसळता बाहुली दिवसभर बुडवून ठेवायची. रंग फुगतो, सुटतो, मग जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. पण सगळा रंग निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर सुटलेला रंग डांबरासारखा होऊन पुन्हा चिकटतो. पाणी शेवटी. साबणाच्या कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं, उरलेला चिकटा जाण्यापुरतं.

आधी मी ढोलवाल्याला एकट्याला बुडवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग सालीसारखा निघाला आणि खालून विटकरी रंगाची माती वर आली. भाजलेली, टणक, नखाने ओरखडा उठत नव्हता. साबणाच्या पाण्यात मी त्याला अर्धा तास ठेवला, काही झालं नाही. चेहरा पुसून पाहिला तर ढोलवाल्याचे गाल फुगलेले होते आणि एक डोळा जरा मिटलेला, टिपरू मारताना मिटतो तसा. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ज्या बाईला मी एकदाच भेटले होते, साखरपुड्यात, उजवा हात पदराखाली धरून बसलेली, तिने हे केलं होतं.

उरलेल्या पाचही बाहुल्या मी एकत्र बुडवल्या. घरभर वास सुटला.

“कोण आजारी आहे? हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतंय,” आई म्हणाली.

“कुणी नाही.”

“मग बाथरूममध्ये काय चाललंय?”

“धुतेय.”

रविवारी सकाळी मी बाथरूममध्ये पाटावर बसून त्या एकेक करून घासल्या. झांजवाला, संबळवाला, सनईवाला. सनईवाल्याचं बोट सनईच्या तिसऱ्या भोकावर नेमकं टेकलेलं होतं. नवरदेवाला मिशी होती आणि तो घोड्यावर घाबरलेला होता. नवरी मी शेवटी घेतली.

तिची माती वेगळी होती. बाकीच्यांसारखी विटकरी नाही, राखाडी. ब्रश फिरवताना ती जरा मऊही लागली. मला ते दिसलं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. दिसलं, आणि माती दुसरीकडची असेल असं म्हणून मी पुढे गेले.

रंग गेल्यावर नवरीचा चेहरा निघाला. नवरी म्हटलं की मान खाली, डोळे झुकलेले असं माझ्या डोक्यात होतं. ही समोर बघत होती आणि हसत होती. तोंड किंचित उघडं, वरचे दोन दात दिसतील न दिसतील एवढं. कुणीतरी छकड्याशेजारून चालत काहीतरी चावट बोललंय आणि हिला हसू आवरत नाहीये, असं. मला फोन आणून फोटो काढायचा होता. हात चिकट होते. मी ठरवलं, आधी धुऊ, मग काढू. पाचही बाहुल्या साबणाच्या पाण्याच्या टबात ठेवल्या आणि हात धुतले. तेवढ्यात बेल वाजली.

“अगं बाहेर ये,” आईचा आवाज. “पाणी आण. नांदगावची मंडळी आलीत.”

वहिनीची आत्या आणि तिचे यजमान होते. खरेदीला नाशिकला आले होते, जाता जाता त्यांच्याकडच्या पत्रिका द्यायला थांबले. मी पाण्याचा ट्रे ठेवला आणि वळणार तोच आत्यांनी माझं मनगट धरलं.

“बस इथं. तुला बोलताना आम्ही ऐकलंच नाय अजून. साखरपुड्यात म्हटलं, मुकी हाय का काय पोरगी.”

“घरीही तशीच,” आई म्हणाली. “इंग्लिश शाळेत घातलं, तिथेही गप्पच.”

“दोन्ही भाषांत गप्प!” आत्यांचे यजमान म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी हसले. सोफ्यावर आत्यांच्या शेजारी, मनगट त्यांच्या हातात. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून दहा मिनिटं. पाच-दहा मिनिटं म्हणजे पाच-दहा मिनिटं, पण अर्ध्या तासानेही काही होत नाही, ढोलवाल्याला कुठे झालं, असं मी मनात म्हणत होते. मला भीती होती ती दुसरीच.

आत्या रुखवताबद्दल बोलत होत्या. शेवयांचा मोर झाला होता. खोबऱ्याच्या वाट्यांचं जहाज झालं होतं. “सगळं माझ्या हातचं. बाहेरून एक वस्तू आणायची नाय म्हणून सांगितलंय मी तिला. तुमच्याकडच्यांनी बघतच राहायचं.”

“आम्ही बघायलाच येतोय,” आई म्हणाली. तिचा तो गोड आवाज मला माहीत आहे.

मग आत्यांनी नाक वर केलं. “वास कसला येतोय हो? दवाखान्यासारखा?”

“ही सारखं काहीतरी धुवत असते.”

“धुणारी पोर बरी.” त्या उठल्या. “बाथरूम कुठंय? हातपाय धुते जरा, लय धूळ लागली.”

आईने माझ्या खोलीकडे बोट केलं. बाहेरच्या बाथरूममध्ये बाबा दाढी करत होते.

“तिथे नको,” मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तिथे पाणी नाहीये. नळ बिघडलाय.”

“कधी बिघडला?” आईने विचारलं.

“आत्ताच.”

बाबांना अर्ध्या दाढीने बाहेर यावं लागलं. आत्या आत गेल्या. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी बशीतले पोहे बघत राहिले. त्यानंतर चहा झाला, पत्रिकेवरचं एक नाव चुकलं होतं त्यावर बोलणं झालं, ओटी झाली. त्यांना लिफ्टपर्यंत सोडून मी खोलीत आले तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

टबातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. मी हात घातला. झांजवाला, संबळवाला, सनईवाला, घोडा, चारही टणक. पाचवी हाताला लागेना. तळाशी मऊ काहीतरी लागलं, मी ते उचलायला गेले आणि बोटं आरपार गेली. दोन वाकड्या तारा हातात आल्या, छत्रीच्या काडीच्या, तिच्या अंगात आधाराला घातलेल्या. त्यांच्या टोकाला चिखलाचा एक गोळा लोंबत होता, तोही बघता बघता सुटून पाण्यात पडला.

आईने दारावर थाप मारून “नळ झाला का नीट?” असं विचारलं. मी हो म्हणाले. मग पाणी हळूहळू ओतून काढलं. तळाशी मूठभर राखाडी माती उरली होती. तिचं काय करायचं ते मला कळेना, आणि ती डोळ्यांसमोर नको होती. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकून दिली.

त्याच दुपारी मेसेज आला. ‘कसं चाललंय?’

मी लिहिलं, ‘चालू आहे.’

पुढचे आठ दिवस मी हेच दोन शब्द लिहीत राहिले. पाच बाहुल्या रंगवल्या, त्यांचे फोटो पाठवले. ढोलवाल्याचा फोटो बघून तिने लिहिलं, ‘अहो, याला चेहरा होता! मला माहीतच नव्हतं.’ मग, ‘नवरी कधी?’ मी लिहिलं, ‘ती शेवटी.’ दोन दिवसांनी, ‘घरात सगळ्यांची कटकट चाललीय, पण या एका गोष्टीचं मला टेन्शन नाही. तुम्ही आहात.’ या मेसेजला मी बदाम टाकला.

दरम्यान मी नवरी करत होते. पाइप गळला की प्लंबर लावतात ती दोन रंगांची पुट्टी आणली. छत्रीच्या त्याच तारा घेतल्या. अंग जमलं, पदराच्या चुण्या जमल्या. फोटो होतेच, चारी बाजूंचे, पण ते हिरव्या रंगाखाली बुडालेल्या नवरीचे होते. चेहरा फक्त मी पाहिला होता, तोही पाच मिनिटं. तो करायला घेतला की हसण्याचं दात विचकणं व्हायचं. किंवा ती रडतेय असं वाटायचं. मी सात वेळा चेहरा खरवडून काढला. आठव्या वेळी डोळे खाली घातले, ओठ मिटले, आणि ती नवरीसारखी दिसायला लागली. रंगवल्यावर तर सुंदर दिसत होती. घरातल्या कुणालाही दाखवली असती तर वाहवा मिळाली असती.

सांगायचं की नाही, याचा मी रोज निर्णय घेत होते. सकाळी ठरायचं, सांगायचं. मेसेज लिहायचे, पुसायचे. संध्याकाळपर्यंत वाटायला लागायचं, कुणी पाहिलाय तो चेहरा? वहिनीने नाही. तिच्या भावाने पहिल्यांदा रंग फासला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती पाळण्यात. मग त्या बाईचा पदराखालचा हात आठवायचा. तिने पाहिला होता. तिने केला होता.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी घरी पार्लरचं नाव सांगितलं आणि नाशिकरोडहून गाडीत बसले. निफाड गेलं, मनमाड गेलं, खोकं मांडीवर. वहिनीने कळवलं होतं की अकरा वाजता आई दवाखान्यात असेल, मी एकटीच आहे, या. मी गाडीत वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य जमलं होतं.

दार तिच्या आईने उघडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“एकटी आलीस? घरचं कुणी नाय?”

“नाही, काकू.”

“आत ये. बस.” त्या स्वतः बसल्याच नाहीत. उजवा हात पदराखाली हलत होता, पदर हलताना दिसत होता. “पोरगी शिंप्याकडं गेलीय, ब्लाउज घट्ट झालं म्हणून. डॉक्टर आज नव्हते, मी लवकर आले. काय झालं? कुणी काय बोललं का आमच्यातलं? आत्या तिकडं येऊन काय बोलल्या का? त्यांच्या तोंडाला हाड नाय, पण मनात काय नसतं.”

लग्नाला चार दिवस असताना मुलाची बहीण एकटी दारात उभी राहिली, तर मुलीची आई दुसरं काय समजणार? मी आठ दिवस फक्त माझ्या चुकीचा विचार करत होते. हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“लग्नाचं काही नाही, काकू,” मी म्हणाले. “लग्न व्यवस्थित आहे. दादा खूश आहे. मी हे द्यायला आले.”

मी खोकं उघडलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वहिनीने ठरवलेली गंमत मी तिथेच मोडली.

काकू खाली बसल्या. ढोलवाल्याला त्यांनी डाव्या हाताने उचललं. बराच वेळ बघितलं. मग आतून एक आवाज आला, हसल्यासारखा. “हा आमच्या गल्लीतला. असाच डोळा मारायचा.” सनईवाला, झांजवाला, संबळवाला, सगळे एकेक करून त्यांनी सतरंजीवर ओळीत ठेवले. नवरदेवाला बघून म्हणाल्या, “घाबरलाय बघ अजून.” माझं सगळं लक्ष उरलेल्या बाहुलीकडे होतं.

त्यांनी नवरी उचलली. हातात तोलली. चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तोलली.

“ही माझी नाय,” त्या म्हणाल्या.

पहिलं वाक्य विसरलं होतं. मी म्हणाले, “पाण्यात ठेवली होती. मी बाहेर गेले. परत आले तेव्हा नव्हती.”

“कच्ची होती ती.” त्यांचा आवाज चढला नाही. “बाकीच्या वीटभट्टीत भाजल्या. भट्टीवाल्याने घातल्या विटांबरोबर. हिचा चेहरा मला जमेना, मी मोडायची, पुन्हा करायची. तोवर भट्टी लागून गेली. मग सावलीत वाळवली, वरून रंग लावला, झालं. कुणाला ठाऊक नाय. कोण पाण्यात घालतंय?”

“मी घातली.”

“माती?”

“काय?”

“तिची माती. ठेवलीस?”

“कुंडीत टाकली.”

त्यांनी नवरी सतरंजीवर ठेवली. म्हणाल्या, “ठेवली असतीस तर पुन्हा मळता आली असती. कच्ची होती ना.” आणि मग हात पदराबाहेर काढून माझ्यासमोर धरला. तो हलत होता, माशी हाकलावी तसा, थांबत नव्हता. “म्हणजे, कुणाला तरी.”

मी बघत राहिले. नजर खाली घालावी असं वाटत होतं, पण घातली नाही.

“माझी खाली नव्हती बघत,” त्या म्हणाल्या. “हसत होती.”

“मी पाहिली. रंग काढल्यावर. मला करता आली नाही.”

“पाहिलीस?” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “दात दिसत होते?”

“दोन.”

“हां,” त्या म्हणाल्या. “दोनच.”

गेटचा आवाज झाला. वहिनी पिशवी घेऊन आत आली, मला पाहून हसली, सतरंजीवरची ओळ पाहिली, आईकडे पाहिलं, आणि हसू तसंच अडकलं.

“सांग तिला,” काकू मला म्हणाल्या. “मी नाय सांगायची.” आणि उठून आत गेल्या. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी सांगितलं. उभ्यानेच, फारशी वाक्यं न जुळवता. ती ऐकत होती, हातातली पिशवी खाली न ठेवता.

“कधी झालं हे?”

“त्या रविवारी. आत्या आल्या होत्या तेव्हा.”

तिने मनात मोजलं असावं. “मग रोज काय चालू होतं?”

मी सतरंजीवरच्या ओळीकडे बघितलं.

“मी रोज विचारत होते. तुम्ही फोटो पाठवत होतात. बदाम टाकत होतात.” तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला होता, आणि मला ते बरंच वाटलं. “फुटलं असतं तर फुटलं म्हणायचं. मातीचंच होतं. मी रडले असते, झालं असतं. आता मला कळेना, तुम्ही मला पुढे काय काय चालू आहे म्हणून सांगाल.”

“नाही सांगणार.”

“बघू,” ती म्हणाली.

तिने नवरी उचलली, उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता म्हणेल, छान झालीय, राहू दे. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते.

“छान झालीय,” ती म्हणाली. “पण ही नको. आई काय म्हणून सांगणार लोकांना?” तिने ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. “तू घेऊन जा.”

तू म्हणाली हे मला गाडीत बसल्यावर कळलं. ते रागाने की आणखी कशाने, ते कळलं नाही.

लग्न नांदगावलाच होतं. कार्यालयाच्या एका बाजूला लांब टेबलांवर रुखवत मांडलं होतं. शेवयांचा मोर, खोबऱ्याचं जहाज, आणि त्यांच्या पुढे, मध्यावर, वरात. ढोल, झांज, संबळ, सनई, घोड्यावरचा नवरदेव, आणि मागे रिकामा छकडा. बैलांच्या गळ्यात कुणीतरी खऱ्या झेंडूच्या पाकळ्या अडकवल्या होत्या. वहिनीने आत्यांना सांगितलं होतं की नाशिकच्या एका बाईकडून रंगवून आणले, आणि आईच्या हातचे म्हटल्यावर आत्यांचं काही चाललं नव्हतं.

आमच्याकडच्या बायका हात मागे बांधून फिरत आल्या. मी आईच्या मागे. आई मोराजवळ थांबली, जहाजाजवळ थांबली, वरातीजवळ वाकली.

“काय कोरलंय हो! मिशीसुद्धा,” माझी एक मामी म्हणाली.

“आणि नवरी?” आई म्हणाली. “छकडा रिकामाच? विसरलात वाटतं मांडायला.”

“रिकामा छकडा बरा नाही दिसत वरातीत,” दुसरी म्हणाली. “लग्नघर आहे.”

आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. छकडा रिकामा का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सगळ्याजणी वहिनीच्या आईकडे बघायला लागल्या. टेबलाच्या पलीकडे त्या उभ्या होत्या, नव्या साडीत, हात पदराखाली. मी आईच्या खांद्याआडून बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर रुखवताला मुलाकडच्यांचा हात लागला हे उघड झालं असतं. नाही उघडलं तर त्या बाईने एकटीने उभं राहायचं होतं.

“नवरी?” काकू म्हणाल्या. “ती काय तिथं बसलीय बोहल्यावर. माझ्या छकड्यातनं उतरली ती आता. तुमच्याकडं जागा हाय ना?”

आई हसली, खरंखुरं हसली, आणि बाकीच्या हसल्या. “विहीणबाई, तुम्ही ऐकायच्या नाहीत,” आई म्हणाली. आत्या लगेच पुढे झाल्या. “मुद्दाम तसं मांडलंय, आम्ही ठरवूनच केलंय,” असं त्यांनी पुढच्या दोन घोळक्यांना सांगितलं.

बायका पुढे सरकल्या. मीही निघाले, तेव्हा काकूंनी मला हाताने खूण केली. डाव्या हाताने.

“तू कुठं चाललीस? इथं उभी राहा टेबलापाशी,” त्या म्हणाल्या. “पोरं येऊन हात लावतात. एक तर गेलीच.”

त्या हसत नव्हत्या. मी टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. पहिली पंगत बसली, दुसरी बसली. दोन पोरं आली, त्यांना मी लांबूनच “हात लावू नका रे” म्हणून ओरडले, इतक्या मोठ्याने की बोहल्यावरून वहिनीने मान वळवून पाहिलं. तिसरी पंगत उठेपर्यंत मी तिथेच होते.